आत मेंदू तयार होऊन राहिला आहे

बाळंतपण आटोपून, पोट्ट्याला खांद्यावर घेऊन मी सौंसरच्या माहेरून पांढुर्ण्याच्या आमच्या भाड्याच्या घरी परतले, तर दारावरची घंटी गायब. नुसत्या तारा लोंबत होत्या आणि त्यांच्या खाली खिळ्याला एक पुठ्ठा टांगलेला. त्यावर निळ्या स्केचपेननं, मास्तरी वळणात लिहिलेलं: ‘आत मेंदू तयार होऊन राहिला आहे. दार वाजवू नये.’ खाली तेच हिंदीत, कारण आमच्याकडचा सिलेंडरवाला मराठी बोलतो झकास, पण वाचतो हिंदीच. माझी आई सोबत होती. तिनं पाटी दोनदा वाचली आणि मला म्हणाली, “काहून वं, दवाखाना उघडला का इथं कोणी?”

“नाही माय,” म्हटलं, “आमचे घरमालक आहेत ना, त्यांचं काम.”

घरमालक म्हणजे सरजी. गावातल्या शाळेत उभा जन्म जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेले. पुढच्या दोन खोल्यांत ते एकटे, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. बायको जाऊन कितीतरी वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा पुण्यात. उंच, वाळके, घरात असले की धोतर आणि बंडी. बाहेर जाताना त्याच धोतरावर कडक इस्त्रीचा शर्ट आणि मनगटावर घड्याळ. चपला अंगणातच सोडायचे. घरात अनवाणी फिरत, आणि माझं बाळ आल्यापासून तर पावलंही अशी टाकत की मी भाजी चिरता चिरता मान वर करावी आणि हे दारात उभे. माय वं, कितीदा माझं बोट कापता कापता वाचलं! “सरजी, निदान खाकरत तरी जा,” मी एकदा चिडून म्हटलं. तर म्हणाले, “खाकरलो तं साहेब उठतीन ना.”

साहेब म्हणजे माझा पोट्टा.

सरजींचं म्हणणं एकच होतं, आणि ते त्यांनी दूधवाल्यापासून नगरपालिकेच्या माणसापर्यंत सगळ्यांना ऐकवलं होतं. बाळ झोपतं तेव्हा ते झोपत नाही, काम करतं. “दिवसभर पोट्टा जे पाह्यते, हुंगते, चाखते, हात लावते, ते सारं इकडे तिकडे पडलं असते. झोपेत तो ते आत लावते. आपण दिवाळीले कपाट लावत नाही का? आता कपाट लावता लावता कोणी हात धरून ओढून नेलं तं अर्धे कपडे जमिनीवरच राहतीन का नाही?” म्हणून झोपलेल्या बाळाला उठवायचं नाही. कोणी पाहुणा आला तरी नाही, मामा आला तरी नाही, साक्षात बाप आला तरी नाही. माझा नवरा शनिवारी छिंदवाड्याहून यायचा, विजेच्या ऑफिसात होता तो तिकडे, आणि बॅग ठेवल्या ठेवल्या पाळण्याकडे धावायचा. सरजी व्हरांड्यातून नुसतं बोट वर करायचे, वर्गात करावं तसं. नवरा बिचारा हात मागे बांधून उभा राहायचा.

“आणि रडतो तेव्हा काय करतो हा, सरजी?” मी एकदा विचारलं.

“तेव्हा तो तुले कामाले लावते,” म्हणाले. हसले नाहीत. हे माणूस गंमत करायचं आणि हसायचं नाही, त्यामुळं गंमत होती की ओरडा होता, हे मला घरात जाऊन ठरवावं लागे.

आधीपासून काही ते बाळांचे शौकीन नव्हते. शाळेत बेडूक सोडला तर दुसऱ्या कोणाच्या मेंदूत त्यांनी लक्ष घातलं नव्हतं, असं गावातले त्यांचे जुने विद्यार्थी सांगत. पण पुण्याहून सुनेला दिवस गेल्याची खबर आली आणि सरजी अभ्यासाला बसले. मोबाईलवर डॉक्टर लोकांची भाषणं ऐकायचे, एका कानात वायर, दुसरा कान मोकळा. नात झाली. माझ्या पोट्ट्याहून थोडी मोठी. सरजींनी फोनवर मुलाला सांगायला सुरुवात केली: टीव्ही बंद ठेवा, वासाची पावडर लावू नका, पाळणा खिडकीजवळ घ्या, मोठ्यांदा मिक्सर लावू नका. दोन-चार वेळा ऐकून घेतल्यावर मुलगा म्हणाला, “बाबा, आमच्याकडे डॉक्टर आहे.” एवढंच. भांडण नाही, काही नाही. त्या दिवसानंतर सरजींनी पुण्याला एक शब्द सांगितला नाही. ते सगळे शब्द मग माझ्या घरी आले. मला तेव्हा इतका वैताग यायचा! वाटायचं, आपण भाडं देतो, वर यांची शाळाही भरायची का?

पण खरं सांगायचं तर, सोमवार ते शनिवार माझ्याशी बोलणारं दुसरं होतं कोण? लोक म्हणतात, बाळ झालं की बाईला वेळ पुरत नाही. पुरत नाहीच. पण तो सरतही नाही, हे कोणी सांगत नाही. दुपारी पोट्टा झोपला की घर इतकं सुनं वाटायचं की मी नळाखाली बादली लावून पाण्याचा आवाज ऐकत बसायची. तर सरजी यायचे आणि धार वाजू नये म्हणून बादलीत फडकं टाकून जायचे.

असंच एकदा फडकं टाकून ते थांबले.

“बेटा, तू दिवसभर बोलते कोणाशी?”

“कोणाशी बोलू? आहे कोण इथं?”

“हा आहे ना.”

“त्याला काय समजते, सरजी?”

“न समजू दे. मी सारी जिंदगी बारावीच्या पोट्ट्यांशी बोललो, त्यायले कुठं काही समजे? आवाज आधी कानात जागा करते. समजणं मंगून येते.”

तेव्हापासून मी पोट्ट्याशी बोलायला लागले. सगळंच. तुरीची डाळ किती महाग झाली, सासूबाई फोनवर काय म्हणाल्या, तुझ्या बापाला या शनिवारी काय ऐकवणार आहे. तो डोळे मोठे करून माझ्या ओठांकडे बघायचा. चार-पाच दिवसांनी सरजी व्हरांड्यात भेटले आणि म्हणाले, “तूरडाळ एवढी वाढली का वं?” तेव्हा कळलं की मधल्या भिंतीला पलीकडूनही कान आहेत. मला लाज वाटली, रागही आला. मग घरात जाऊन बसले आणि वाटलं, त्यांच्याशी तरी दिवसभर कोण बोलतं? दुसऱ्या दिवशी मी पोट्ट्याला सांगायच्या गोष्टी जरा मोठ्यांदा सांगितल्या.

आमच्या घरामागून रेल्वे जाते, नागपूर-इटारसीची. मालगाड्या अशा भोंगे देतात की ताटं वाजतात. पोट्टा त्यात ढिम्म झोपे. आणि कुकरची शिटी झाली की किंचाळून उठे. मी हैराण. सरजींनी विचारलं, “पोटुशी होती तवा इथंच राहत होती ना?” म्हटलं, हो. “मंग गाडी त्याच्या ओळखीची आहे. पोटात होता तेव्हापासून ऐकून राहिला. कुकर तं तुह्या आईनं आता दिला.” खरंच आईनं बाळंतविड्यासोबत नवा कुकर दिला होता. तो मी माळ्यावर टाकला आणि वरण गंजात, उघड्या पातेल्यात, शिजवायला लागले. गॅस जास्त लागायचा, नवरा कुरकुरला. मी त्याला सरजींकडे पाठवलं. तो गेला नाही.

पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार. जाम नदीच्या अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव, आणि मधात दगड, दोन्हीकडून फेकलेले. सकाळपासून ढोल सुरू होतात आणि पोरांचे घोळके आमच्याच गल्लीतून नदीकडे पळतात. सरजी गल्लीच्या तोंडाशी दोन्ही हात पसरून उभे राहिले. “इकडून जायचं तं मुक्यानं जा. इथं साहेब झोपले.” पोरं त्यांचीच शिकवलेली, नाहीतर त्यांच्या बापाला तरी शिकवलेलं. मी खिडकीतून पाहत होते. दगड मारायला निघालेले ते दांडगे पोट्टे चपला हातात घेऊन, ढोलावर हात दाबून, बोटांवर चालत आमच्या गल्लीतून गेले. कोपरा वळल्यावर मात्र असा गलका केला की सरजींनी कपाळावर हात मारला.

संत्री लागली तेव्हाची गोष्ट. तिगावच्या रस्त्याला त्यांचा लहानसा बगीचा होता, तिथून ते रोज काहीबाही आणायचे. मी पोट्ट्याला मऊ भात भरवत होते आणि तो खात नाही म्हणून मोबाईलवर नाचणारी अस्वलं लावली होती. सगळ्याच बाया लावतात. सरजी आले, मोबाईल उचलला आणि उलटा करून ठेवला. पोट्ट्यानं भोकाड पसरलं. मी म्हटलं, “आता तुम्हीच भरवा.” सरजी खाली बसले, खिशातून संत्रं काढलं, नखानं साल अशी दाबली की तुषार पोट्ट्याच्या नाकासमोर उडाला. त्यानं रडणं थांबवलं. मग फोड सोलून ओठाला लावली. पोट्ट्यानं तोंडाचा चंबू केला, एक डोळा मिटला, अंग शहारलं, आणि परत तोंड पुढे केलं. त्या वेळी सरजी हसले. मोठ्यानं, तोंड उघडून. मी त्यांना तसं हसताना दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

“अस्वल चाखता येते का?” म्हणाले. “हुंगता येते? मंग कायचं अस्वल?”

याच कारणानं ते नातीला व्हिडिओवर बघत नव्हते. सुरुवातीला मुलगा लावायचा, सरजी कापून टाकायचे. “पडद्यावरचं तोंड म्हणजे तोंड नाही. त्याले ऊब नाही, वास नाही. पोट्टीच्या डोक्यात आजा म्हणून ते चपटं तोंड बसलं, तं मंग माह्यं खरं तोंड कुठं बसन?” स्वतःहून साधा फोनही करत नसत. फोन वाजला आणि ती झोपली असली तर? म्हणजे पुण्याहून येईल तेव्हाच फोन. आणि दोघंही नोकरीवाले, लहान लेकरू, त्यांना कुठली आठवण राहते? पुण्याला जायचं त्यांनी ठरवलं होतं. मुलगा म्हणाला, सध्या तिचे आईवडील आहेत बाबा, जागा लहान आहे, थोडं थांबा. ते थांबले. माझा नवरा म्हणाला, म्हातारा हट्टी आहे. हट्टी तर होतेच. पण त्यांची नात त्यांना ओळखत नव्हती, आणि दिवसेंदिवस दुसऱ्या लोकांना ओळखायला लागली होती, हे त्यांना आतून खाऊन राहिलं होतं. माझा पोट्टा मला बघून हात पसरायला लागला त्या दिवशी मी कौतुकानं दाखवायला गेले, तर ते म्हणाले, “हाव, आता तीही पसरत असन,” आणि आत निघून गेले.

मग त्यांनी दुपट्याचं काढलं.

आमच्याकडे बाळाचं पहिलं दुपटं आजोबाच्या जुन्या धोतराचं करतात. धुऊन धुऊन ते असं मऊ झालेलं असतं की बाळाच्या अंगाला बोचत नाही. पुण्यात सगळं दुकानातलं आलं होतं. सरजींनी एक विरलेलं धोतर फाडून माझ्याकडे दिलं, मी हातानं काठ शिवून दिला. म्हटलं, पाठवून द्या. तर त्यांनी ते स्वतःच्याच गळ्यात घातलं.

“डोळ्यानं ओळखायले मी तिथं पाहिजे,” म्हणाले. “कानानं ओळखायचं तं फोन लावणं आलं. उरलं नाक. पोट्टी मायले पहिले नाकानंच ओळखते. मंग आज्याले काहून नाही?”

आणि हा माणूस ते दुपटं गळ्यात घालून हिंडायला लागला. बगीच्यात जाताना, भाजी आणताना, दुपारी आडवं होताना, सौंसरच्या बसमध्येसुद्धा. शर्टाला इस्त्री, मनगटावर घड्याळ आणि गळ्यात दुपटं. चौकातले लोक विचारत, “काय सरजी, पोट्टं झालं का तुमाले?” सरजी म्हणत, “होऊन राहिलं.” दुपटं पिवळं पडलं. त्याला घामाचा, तंबाखूचा नाही कारण ते खात नसत, पण संत्र्याच्या पानांचा, मातीचा आणि म्हातारपणाचा एक वास यायला लागला. गावातले एक ओळखीचे गृहस्थ पुण्याला निघाले होते, त्यांच्याजवळ द्यायचं ठरलं.

त्याच आठवड्यात माझी आई सौंसरहून आली. ते गृहस्थ जायच्या दिवशी सकाळी मी पोट्ट्याला घेऊन लस टोचायला दवाखान्यात गेले होते. सरजी बांधायला कागद आणायला बाजारात. व्हरांड्यातल्या खुर्चीवर दुपटं घडी करून ठेवलेलं. आईनं ते दोन बोटांनी उचलून पाहिलं. पुण्याला, व्याह्यांच्या समोर, लहान लेकराच्या अंगाला, असं कळकट कापड? लोक काय म्हणतील, घरात बाईमाणूस नाही म्हणून म्हाताऱ्याची काय दशा झाली! तिनं ते चांगल्या साबणानं धुतलं, निळीतून काढलं, गच्चीवर कडक उन्हात वाळवलं, वरून इस्त्री फिरवली आणि एका कोपऱ्याला कुंकवाचं बोट लावलं.

मी दारात आणि सरजी दारात, एकाच वेळी पोचलो. आईनं दोन्ही हातांनी दुपटं पुढे केलं.

“पाहा सरजी, कसं निघालं! डाग म्हून राहिला नाही.”

सरजींनी ते घेतलं. नाकाला लावलं. मग दुसरी बाजू लावली. मी आईकडे पाहू की त्यांच्याकडे, मला कळेना. आई इतकी खुश होती. घरात बाई नसलेल्या माणसाचं आपण नाक राखलं, अशी तिची समजूत.

“लई चांगलं केलं, बाई,” सरजी म्हणाले. “मले असं जमलं नसतं.”

आणि त्यांनी ते कागदात गुंडाळलं, दोरी बांधली. आई चहा टाकायला आत गेली तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, “आता पोट्टीले वाटन, आपला आजा साबणाचा आहे.” आईला हे कधीही सांगायचं नाही, असं त्यांनी मला बजावलं. मी अजून सांगितलेलं नाही.

थंडीत मुलाचा फोन आला. नातीचं जावळ काढायचंय, जामसांवलीला, हनुमानाच्या देवळात. सकाळच्या विमानानं नागपूर, तिथून जामसांवली, मग पांढुर्ण्याला जेवण आणि संध्याकाळच्या विमानानं परत. बाबा, तुम्ही जामसांवलीलाच या, गाडी पाठवतो.

सरजी नाही म्हणाले.

मी कपाळावर हात मारून घेतला. “अहो सरजी, इतके दिवस वाट पाहिली आणि आता नाही? जा ना!”

“बेटा, तिथं गर्दी. घंटा वाजते. न्हावी वस्तरा लावीन, ती जीव तोडून रडन. त्या वक्ताले जो समोर दिसन, तो तिच्या डोक्यात वस्तऱ्याच्या संगंच बसन. माह्यी पहिली भेट तशी नको. ती इथं येऊ दे. शांत. जागी. मंग मी.”

त्यांच्याशी वाद घालून मी कधी जिंकले नव्हते.

त्या दिवशी सरजींनी साबण न लावता आंघोळ केली. अंगात रोजचीच बंडी. समोरच्या खोलीत सतरंजीवर एका ताटात त्यांनी मांडलं होतं: कापसाचं फुटलेलं बोंड, संत्र्याची पानं, पितळी वाटी, जामच्या रेतीची पुरचुंडी. आधी माझ्या पोट्ट्याला ते सगळं देऊन बघितलं. त्यानं रेती खाल्ली, म्हणून रेती उचलली. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. एरवी त्यांची टिंगल करणारा समोरचा पिठाच्या गिरणीवाला स्वतः येऊन म्हणाला, “सरजी, आज मी गिरणीच लावत नाही.” मी गोळाभात आणि पाटोडीचा रस्सा केला होता, चांगला झणझणीत, लसणाचा.

गाडी आली. सरजी ओट्यावर उभे होते. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. कधी मागे, कधी पोटावर. मुलगा उतरला, पाया पडला. मग सून उतरली, खांद्यावर बाळ. गोटा केलेलं डोकं, त्यावर हळदीचा लेप, गाल रडून रडून लाल झालेले, तोंड थोडं उघडं.

झोपलेली.

“तिथं इतकी रडली बाबा,” सून हळू आवाजात म्हणाली. ती पुण्याकडचीच, बोलायला गोड. “सगळं होईपर्यंत थांबलीच नाही. गाडीत बसलो आणि लगेच डोळा लागला.”

सरजींनी ओठावर बोट ठेवलं. खूण करूनच आतली खोली दाखवली. पलंगावर तिला ठेवलं. ते बाजूला स्टूल घेऊन बसले आणि आपला उजवा हात तिच्या नाकाजवळ, गादीवर, उताणा ठेवला. लावला नाही. नुसता ठेवला.

आम्ही जेवायला बसलो. मुलगा दोनदा बोलवायला गेला. मीही गेले. “सरजी, दोन घास खाऊन घ्या, मी बसते हिच्याजवळ.” त्यांनी मान हलवली. कुजबुजले, “लसूण आहे ना त्याच्यात. हाताले वास लागन. नाक झोपत नाही बेटा.”

म्हणून ते जेवले नाहीत. हात तसाच. पोट्टी मधेच झोपेत हसली, मधेच ओठ चोखल्यासारखे केले, एकदा मूठ उघडून मिटली. सरजी वाकून ते पाहत होते. माझा पोट्टा माझ्या कडेवर होता, तोही गप्प. निघायची वेळ जवळ येत गेली आणि पोट्टी काही उठेना. मनात म्हटलं, पडू दे आता एखादं भांडं. वाजू दे एखाद्या मालगाडीचा भोंगा. एकही गाडी आली नाही.

मुलगा घड्याळ बघत दारात आला. “बाबा, निघावं लागेल. उठवा ना तिला.”

“मी उठवते,” सून म्हणाली. “उठेल लगेच, बाबा. नुसतं गालाला हात लावला तरी उठते.” आणि तिनं हात पुढे केलाही.

सरजींनी तिचा हात मधेच धरला. सुनेचा हात त्यांनी याआधी कधी धरला नसावा. “नको बेटा. सकाळपासून किती काय काय झालं तिच्यासंगं. विमान झालं, देऊळ झालं, वस्तरा झाला. ते सारं ती लावून राहिली. राहू दे.”

“पण तुम्ही तिला जागी पाहिलंच नाही.”

“मी पाह्यलं. मी तं जागाच होतो.”

सुनेचे डोळे भरून आले. मुलगा खिडकीबाहेर बघत राहिला. मला त्या वेळी असं वाटलं की जाऊन त्या पोरीला चिमटा काढावा. खरंच वाटलं. पण कोणी काही केलं नाही. सून तिला अलगद उचलून, तशीच झोपलेली, गाडीत घेऊन बसली. सरजींनी गाडीचं दारसुद्धा दोन हातांनी दाबून, आवाज न करता लावलं.

गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली. सरजींनी गिरणीवाल्याला हात करून सांगितलं, आता लाव म्हणून. मी त्यांच्यासाठी ताट वाढून ओट्यावरच आणलं. “आता तरी खा.”

“हाव, आता खातो,” म्हणाले, आणि भुकेल्यासारखे गोळाभात कालवायला लागले. दोन घास झाले असतील, फोन वाजला. डाव्या हातानं त्यांनी तो कानाला लावला. मुलगा होता. आवाज मला ऐकू येत होता.

“बाबा, उठली. टोलनाक्याजवळ आलो तर उठली.”

“उठल्या उठल्या काय पाह्यलं तिनं?”

“काय पाहणार बाबा? बाजूला एक ट्रक उभा होता.”

“कोणत्या रंगाचा?”

“अहो... मी पाहिलं नाही.”

“बरं,” सरजी म्हणाले. “ट्रकही चांगला असते.”

मग फोन सुनेनं घेतला असावा. “बाबा, व्हिडिओ लावू का? एकदाच. तिचे डोळे तरी बघा.”

मी ताट धरून उभी होते. मला वाटलं, कापतात आता फोन. सरजींनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, “लाव.”

पडदा उजळला तसा त्यांनी डाव्या हाताचा अंगठा फोनच्या वरच्या कडेला, त्या लहानशा भोकावर दाबून धरला. पडद्यावर पोट्टी आली. हळदीनं पिवळं डोकं, झोपेनं सुजलेले डोळे, पण टक्क उघडे. काळेभोर. इकडे तिकडे बघत होती.

“बाबा, तुमच्याकडचं काळं दिसतंय. कॅमेऱ्यावर बोट आलंय तुमचं.”

“राहू दे तसंच. मी तिले दिसून नाही राहिलो ना?”

“नाही, काहीच दिसत नाहीये.”

“बस. मी येईन तवा पाहीन ती मले.”

पोट्टीनं पुढे वाकून पडद्याला जीभ लावली. सगळा पडदा गुलाबी झाला. “चाखून राहिली!” सरजी मला म्हणाले, “पाह्यलं का बेटा, चाखून राहिली!” आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. एका हाताला भात लागलेला, दुसऱ्या हाताचा अंगठा फोनवर दाबून धरलेला. पुसणार कशानं? मीच पुढे होऊन माझ्या ओढणीनं त्यांचे डोळे पुसले. त्यांनी अंगठा मात्र हलवला नाही.